विश्लेषण : पार्ल्यात, दादरला घर घेताना पैसे नेमके कशाचे मोजावे लागतात?

विलेपार्ले, दादर, मुलुंड किंवा पुण्यातील एरंडवणे, कोथरूड अशा जुन्या, रुळलेल्या वस्त्यांत घर घ्यायचे म्हणजे बहुतेकदा कोणाचे तरी राहते घर विकत घ्यायचे. तेथे नमुना सदनिका नसते, माहितीपुस्तिका नसते आणि महारेराचे छत्रही नसते. विकणारा एक आणि मागणारे अनेक. अशा व्यवहारात कुटुंबाची सारी पुंजी घालण्यापूर्वी काय तपासायचे, याविषयी…

या वस्त्यांत घरे विकायला निघतच नाहीत, असे का?

या वस्त्या एका पिढीने ठरवून वसवल्या आणि पुढच्या पिढ्या तेथेच राहिल्या. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची गर्दी हलवण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंगा परिसर आखला. त्याच सुमारास सहकारी गृहनिर्माणाची कल्पना रुजली. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची. पुढे मालकी हक्काच्या सदनिका आल्या, त्यांच्यासाठी १९६३ मध्ये ‘मोफा’ कायदा झाला आणि उपनगरांत तीन-चार मजली, वीस-पंचवीस सभासदांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, स्थानक दहा मिनिटांवर, भाजीवाला ओळखीचा, डॉक्टर तिसऱ्या पिढीचा. असे घर सहसा कोणी हौसेने विकत नाही. वडील-आई गेले, मुले परदेशी स्थायिक झाली, भावंडांत वाटणी करायची आहे, अशा वेळीच ते बाजारात येते. आणि आले तरी जाहिरात होण्याआधी समोरच्या ब्लॉकमधल्या कुटुंबाला, मंडळाच्या कार्यकर्त्याला, इस्त्रीवाल्याला कळलेले असते. संकेतस्थळांवर महिनोन् महिने दिसणारी घरे बरीचशी कोणाला नको असलेली किंवा केव्हाच विकली गेलेली असतात. म्हणून या भागात घर शोधणाऱ्याने भाड्याने का होईना आधी तेथे राहायला जावे, असा जुना सल्ला दिला जातो. तो आजही खोटा ठरलेला नाही.

दुसरे कारण पुनर्विकासाचे. जुनी इमारत पाडून उंच इमारत उभी राहिली की घरांची संख्या वाढते, पण विक्रीसाठी येणारी घरे बहुधा मोठी, तीन-चार शयनगृहांची असतात. साडेचारशे-पाचशे चौरस फुटांचे घर नव्या इमारतीत मिळणे अवघड होते. म्हणजे पुरवठा वाढतो तो वेगळ्याच ग्राहकासाठी. पार्ल्यातील ‘पार्ले पंचम’ या संस्थेने नव्या इमारतींत मराठी माणसांसाठी घरे राखीव ठेवावीत, अशी मागणी केली, तिच्यावर भाषिक अंगाने बरेच वाद झाले. पण त्या मागणीच्या मुळाशी घराच्या आकाराचा प्रश्नही होता आणि त्यावर मात्र फारशी चर्चा झाली नाही.

विकणारा सांगतो ती किंमत कोणत्या घराची?

जुन्या वस्तीतील व्यवहाराची खरी मेख येथे आहे. समजा, पार्ले पूर्वेला १९७५ च्या इमारतीत पाचशे चौरस फुटांचे घर विकायचे आहे. विकणारा भाव सांगतो तो या पाचशे फुटांचा नसतो. ‘पुनर्विकासात साडेसहाशे होणार’ हे गृहीत धरून तो साडेसहाशेचा भाव सांगतो. खरेदीदार भिंतींची ओल, लिफ्ट नसलेला तिसरा मजला, गंजलेल्या सळ्या पाहतो आणि पैसे मात्र अजून कागदावरही न आलेल्या घराचे मोजतो. हे चूक आहे असे नाही. पण आपण एका शक्यतेची किंमत देत आहोत, हे ओळखून ती द्यायला हवी.

ती शक्यता किती दाट, हे काही ठोस गोष्टींवरून कळते. पहिली गोष्ट जमिनीची. इमारत सोसायटीची असली तरी जमीन अजून मूळ विकासकाच्या किंवा जमीनमालकाच्या नावावर असणे ही महाराष्ट्रातली जुनी व्याधी आहे. ‘मोफा’खालील नियमांनुसार सोसायटी नोंदल्यानंतर चार महिन्यांत विकासकाने अभिहस्तांतरण करून द्यायचे असते. ते टाळले जात असल्याने २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढून तिच्यावर सोसायटीचे नाव आहे का हे पाहायला फार वेळ लागत नाही. नाव नसेल तर पुनर्विकासाच्या गप्पा तूर्त गप्पाच समजाव्यात.

दुसरी गोष्ट किती बांधता येईल याची. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीत जुन्या सहकारी सोसायट्यांना पुनर्विकासात प्रत्येक सदनिकेमागे दहा चौरस मीटर किंवा विद्यमान बांधकाम क्षेत्राच्या पंधरा टक्के, यांपैकी जे अधिक असेल तितके प्रोत्साहन क्षेत्र मिळते. बाकीचे गणित भूखंडाचा आकार, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि विकत घेता येणारे हस्तांतरणीय विकास हक्क यांवर. लहान भूखंड आणि अरुंद गल्ली असेल तर विकासक फिरकत नाही. तिसऱ्या गल्लीतल्या सोसायटीला चाळीस टक्के जादा जागा मिळाली, म्हणून आपल्यालाही मिळेल, हा समज अनेकांना महागात पडतो.

पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर येथे तिसरी अडचण आकाशातून येते. विमानतळाच्या ‘फनेल झोन’मध्ये इमारतीच्या उंचीवर मर्यादा आहे. चटई क्षेत्र निर्देशांक कागदावर मिळतो, पण वर चढवायला जागा नसते. त्यामुळे येथील कित्येक सोसायट्यांचे प्रस्ताव विकासकाला परवडत नाहीत. उंचीचा दाखला कोणी मागितला आहे का आणि किती मीटरचा मिळाला, हा एक प्रश्न समितीच्या सचिवांना विचारला तरी पुष्कळ उलगडा होतो.

चौथी गोष्ट माणसांची. राज्य सरकारच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुनर्विकासाच्या निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते आणि बहुमताने घेतलेला निर्णय मूठभर सभासद अडवू शकत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार म्हटले आहे. तरीही कोर्टकचेरीत वर्षे जातात. सोसायटीच्या गेल्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्ते वाचली तर कोण कोणाशी बोलत नाही, हेही समजते!

विकासक आधीच नेमला असेल तर?

मग प्रश्न बदलतात. विकास करारनामा नोंदवला आहे का? पर्यायी जागेचे भाडे, ‘कॉर्पस’ म्हणून मिळणारी रक्कम आणि वाढीव जागा यांपैकी काय विकणाऱ्याने आधीच घेतले आणि काय खरेदीदाराला मिळणार? हे साठेखतात स्पष्ट लिहिले नाही, तर धनादेश जुन्या सभासदाच्या नावे निघतो आणि वाद सुरू होतो. इमारत पाडल्यानंतर घर घेणाऱ्याला प्रत्यक्षात ताब्यात घ्यायला काहीच नसते. त्याच्या हाती फक्त हक्क येतो आणि तो हक्क विकासकाच्या आर्थिक प्रकृतीवर अवलंबून असतो. विक्रीच्या सदनिकांना महारेराचे जे संरक्षण आहे, तसे पुनर्विकासातील मूळ सभासदांच्या घरांना नाही. मुंबईत अर्धवट थांबलेल्या प्रकल्पांमुळे भाडे बंद झालेली कुटुंबे थोडी नाहीत.

इमारत पडायला झाली असेल तर तिचा संरचनात्मक तपासणी अहवाल मागावा. तीस वर्षांवरील इमारतींना ही तपासणी बंधनकारक आहे. अहवालात ‘सी-१’ असे असेल, तर ती धोकादायक, रिकामी करावयाची इमारत. अशा घरावर बँक कर्ज देईल अशी आशा धरू नये.

दादर, गिरगावात पागडीचे घर स्वस्त दिसते, ते का?

कारण ते मालकीचे नसतेच. पागडीत भाडेकरू हक्क हस्तांतरित होतो, त्याला मालकाची संमती लागते आणि रिवाजाने मालकाला वाटाही द्यावा लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने अशा व्यवहारांना मान्यता दिली, पण बँका गृहकर्ज द्यायला सहसा तयार नसतात. म्हणजे सारी रक्कम पदरची. तुलना करायची तर ती सोसायटीतील घराशी नव्हे, या जोखमीशी करावी.

कर्ज किती मिळते आणि पदरचे किती घालावे लागतात?

घर पाहायला निघण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडणारी कुटुंबे कमीच. समजा, तीन कोटींचे घर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरील गृहकर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देता येते. म्हणजे सव्वादोन कोटी कर्ज आणि ७५ लाख पदरचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च बँक या किमतीत धरत नाही. मुंबईत मेट्रो अधिभारासह सहा टक्के शुल्क, म्हणजे १८ लाख. नोंदणी शुल्क ३० हजार. दलाली एक टक्का धरली तरी तीन लाख. घरात राहायला जाण्याआधी, एक फरशीही न बदलता, ९६ लाखांहून अधिक रक्कम हाताशी हवी. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के आहे. आठ टक्के दराने वीस वर्षांसाठी सव्वादोन कोटींचा मासिक हप्ता सुमारे एक लाख ८८ हजार रुपये होतो.

खरेदी केवळ महिलेच्या किंवा महिलांच्याच नावे असेल तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही. कर्जात पती सहकर्जदार राहू शकतो, त्यासाठी त्याचे नाव मालकीत असण्याची गरज नसते. तीन कोटींवर एक टक्का म्हणजे तीन लाख. मात्र केवळ तेवढ्यासाठी मालकी कोणाच्या नावे असावी हे ठरवू नये. हा निर्णय घरात बसून, मोकळेपणाने व्हावा.

बहुतेक कुटुंबे ठाण्या-डोंबिवलीचे किंवा बोरिवलीचे घर विकून इकडे येतात. तेथे क्रम महत्त्वाचा. जुने घर आधी विकले, तर मनासारखे नवे मिळेपर्यंत भाड्याने राहावे लागते. नवे आधी घेतले, तर दोन हप्त्यांचा भार पडतो आणि विकण्याच्या घाईत जुन्या घराची किंमत पडते. जुन्या घरावरील दीर्घ मुदतीचा भांडवली नफा नव्या राहत्या घरात गुंतवला तर करसवलत मिळते. त्यासाठी नवे घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत घ्यावे लागते. हातात थोडा वेळ आहे, हे ठाऊक असले की वाटाघाटीत घाम फुटत नाही.

भाड्याने राहणे हाही पर्याय आहेच. या वस्त्यांत वर्षाचे भाडे घराच्या किमतीच्या साधारण दोन-तीन टक्क्यांइतकेच येते, हप्त्यापेक्षा बरेच कमी. मुलांची शाळा आणि आई-वडिलांची सोबत एवढ्यासाठीच हा परिसर हवा असेल, तर हे गणित एकदा मांडून पाहावे.

सांगितलेला भाव रास्त आहे की नाही, हे कसे कळणार?

दलालाच्या सांगण्यावरून नव्हे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये गाव आणि सिटी सर्व्हे क्रमांक टाकला की त्या जमिनीवरील नोंदवलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे ‘इंडेक्स टू’, पाहता येते. त्याच इमारतीतील घर गेल्या वर्षी कितीला गेले, हे तेथे आकड्यात असते. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडीरेकनरचे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर लागते. करारातील किंमत रेडीरेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी दाखवली, तर तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न समजून त्यावर आयकर लागू शकतो.

‘काही रक्कम रोख द्या’ ही मागणी अजूनही होते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. ते बाजूला ठेवले तरी खरेदीदाराचा तोटा सरळ आहे. व्यवहार फिसकटला तर ती रक्कम दिल्याचा पुरावा नसतो आणि पुढे घर विकताना खरेदीची किंमत कमी दिसल्याने नफा व त्यावरील कर फुगतो.

कागदपत्रांत खरी गाठ कोठे असते?

वारसांत. जुन्या वस्तीतील घर म्हणजे बहुधा दिवंगत वडिलांच्या नावचे घर. भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, मुलाचे नाव नामनिर्देशनाने चढलेले असते आणि तो स्वतःला मालक समजत असतो. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. सोसायटीने नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे हस्तांतरण केले तरी वारसांचा हक्क उरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात स्पष्ट केले. २०१९ च्या सुधारणेनंतर सहकार कायद्यातही अशी व्यक्ती वारस निश्चित होईपर्यंत तात्पुरती सभासद मानली जाते.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू कुटुंबात विधवा, आई, मुलगे आणि मुली या साऱ्यांचा समान वाटा. मुलींना हा वाटा १९५६ पासून आहे. ‘बहिणींचे काही म्हणणे नाही’ हे वाक्य विकणारा भाऊ अगदी मनापासून उच्चारतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा, पण बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिल्यानंतरच. किंवा साऱ्या वारसांना करारात विकणारे म्हणून सह्या करायला लावाव्यात. एक बहीण नाशिकला आणि दुसरी न्यू जर्सीला असेल तर त्याला वेळ लागतो, मुखत्यारपत्र लागते. तो वेळ करारातच धरावा. विकणाऱ्यांपैकी कोणी अनिवासी भारतीय असेल तर त्याच्या वाट्यावर कर कापण्याचे नियम वेगळे आणि दर बरेच चढे. एरवी ५० लाख वा अधिक किमतीच्या घरावर खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरायचा असतो. तो न भरल्याची नोटीस विकणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला येते.

बाकी शोध वकिलाने घ्यायचा. त्यात पहिल्या खरेदीपासूनची करारांची साखळी, प्रत्येक करारावर भरलेले शुल्क, तीस वर्षांचा शोध अहवाल, भोगवटा प्रमाणपत्र आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस हे सारे आले. मधला एखादा करार हरवलेला किंवा अपुऱ्या मुद्रांकाचा असणे जुन्या घरांत नेहमीचे आहे. त्याचा दंड कोण भरणार, हे किंमत ठरवतानाच ठरवावे. सह्या झाल्यावर तो प्रश्न काढला तर उत्तर ठरलेले असते.

‘आजच टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे’

दुसरी पार्टी खरोखर तयार असूही शकते. या वस्त्यांतील घाई नेहमीच बनावट नसते. म्हणून टोकन देणे टाळता येईलच असे नाही. टोकन पावतीवर काय लिहिले, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते. रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी. शीर्षक स्वच्छ नसेल किंवा बँकेने इमारतीच्या त्रुटीमुळे कर्ज नाकारले, तर इतक्या दिवसांत पूर्ण रक्कम परत, ही ओळ पावतीवर हवी. साठेखत किती दिवसांत, तोवर घर दुसऱ्याला दाखवायचे नाही, हेही हवे. ही ओळ लिहायला नकार देणारा विकणारा पुढे वारसांविषयी काही तरी लपवत असण्याची शक्यता बरीच असते.

सोसायटी नकार देऊ शकते का?

आदर्श उपविधींनुसार विक्रीसाठी सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही. बँका मात्र ते मागतात, म्हणून ते घ्यावे लागते. समितीने नव्या सदस्याची ‘भेट’ घेण्याची, आहार-आडनाव विचारण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. सहकार कायदा खुल्या सभासदत्वाचे तत्त्व मानतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात विशिष्ट समाजापुरते सभासदत्व ठेवणारे उपविधी वैध ठरवले होते, पण तो निकाल उपविधीतच तशी अट असलेल्या संस्थेबाबतचा. ज्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधीत तसे काही नाही, तिच्या समितीला आपल्या आवडीनिवडी लादता येत नाहीत. विकणाराच आडून बसला तर मात्र कायदा फारसा उपयोगी पडत नाही, हे वास्तव आहे.

हस्तांतरण अधिमूल्याची महापालिका क्षेत्रातील कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. त्यापलीकडे ‘इमारत निधी’, ‘ऐच्छिक देणगी’ अशा नावांनी पैसे मागता येत नाहीत. तरी मागितले जातात आणि नव्या शेजाऱ्यांशी पहिल्याच दिवशी वाकडे नको म्हणून दिलेही जातात.

नोंदणी झाल्यावर सभासदत्वाचा अर्ज लगेच, पोच घेऊन द्यावा. तीन महिन्यांत सोसायटीने निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो. नाकारले तर उपनिबंधकाकडे अपील करता येते. त्यानंतर भागपत्रावर नाव, मालमत्ता कराच्या देयकावर नाव, वीज आणि गॅसची जोडणी. आणि त्याच आठवड्यात स्वतःचे नामनिर्देशनही भरून टाकावे.